सुरू होताना संगणकाने किती बोलावे?

स्मृतिव्याख्यानासाठी सहसा मोठा विषय निवडतात. मी निवडलेला विषय दिवसातून जेमतेम वीस-तीस सेकंद आपल्यासमोर असतो आणि तेवढ्या वेळात आपले लक्ष बहुधा दुसरीकडेच असते. संगणकाचे बटण दाबल्यापासून पासवर्डची चौकट येईपर्यंत जे दिसते ती बूट स्क्रीन. तिच्यावर किती दाखवावे आणि किती झाकावे हा वाद चाळीस वर्षे चालू आहे. एक पक्ष म्हणतो, लोगो दाखवा आणि गप्प बसा. लोकांना आतल्या भानगडी कशाला? दुसरा म्हणतो, आत काय चालले आहे ते ओळ न् ओळ दाखवा, लपवाछपवी कशाला? मला वाटते, हे दोन्ही पक्ष किती बोलावे यावर भांडत बसले आणि केव्हा बोलावे हा खरा प्रश्न बाजूला राहिला. सगळे सुरळीत असेल तेव्हा पडद्याने गप्प राहावे, कुणी विचारले तर सांगावे, आणि काही अडले तर न विचारता सांगावे. ज्या पडद्याला हे तिन्ही जमते तो साधाही असतो आणि कामाचाही. ज्याला फक्त पहिले जमते तो नुसता देखणा.

हे मत कशाच्या आधारावर मांडतो, ते सांगण्यासाठी आधी त्या वीस-तीस सेकंदांत काय घडते ते पाहू. बटण दाबले की मदरबोर्डवरचे फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेले सॉफ्टवेअर, जागे होते. मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागच्या जागी आहेत ना, हे तपासून ते बूटलोडर नावाच्या छोट्या प्रोग्रामच्या हाती कारभार देते. बूटलोडर ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत आणतो. कर्नल एकेक भाग ओळखून त्याला चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, चढवतो, डिस्कवरचे विभाग जोडतो. मग मागे राहून काम करणाऱ्या सेवा सुरू होतात आणि शेवटी लॉगिन येते. कारभार असा चार हातांतून जातो आणि पडद्यावर काही लिहायची प्रत्येकाची साधने वेगळी असतात. या काळात माऊस चालेलच असे नाही, इंटरनेट तर बहुधा नसतेच. काही बिघडले तर मदतीचे पान उघडता येत नाही की लॉग फाइल वाचता येत नाही, कारण हे सगळे करून देणारी यंत्रणाच अजून उठलेली नसते. एखादा प्रोग्राम बंद पडला तर निदान ऑपरेटिंग सिस्टिम तसे कळवते. बूट होतानाच्या बिघाडाला मात्र बूट स्क्रीन हा बहुधा एकच साक्षीदार असतो, आणि या साक्षीदाराचे तोंड बांधायचे की नाही हे डिझाइन करणारा ठरवतो.

१९८४ साली ॲपलचा मॅकिंटॉश आला तोवर बहुतेक संगणक सुरू होणे म्हणजे पडद्यावर उमटणारी अक्षरे. मॅकिंटॉशवर सुझन केअर यांनी काढलेला छोटासा हसरा संगणक दिसू लागला: चाचण्या पार पडल्या, आता सिस्टिम चढते आहे. साधेपणाच्या बाजूने बोलणारे आजही हे उदाहरण देतात आणि ते योग्यच आहे. पण या हसऱ्या चेहऱ्याला एक जोडीदार होता, त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. चाचणी नापास झाली तर काळ्या पडद्यावर दुःखी मॅक यायचा आणि त्याच्या खाली षोडशमान अंकांत एक संकेत. सुरुवातीच्या मॉडेलांत त्यातले पहिले अंक कुठली चाचणी फसली ते सांगत; मेमरीचा दोष असेल तर पुढच्या अंकांवरून कुठली चिप बदलायची तेही कळे. घरच्या माणसाला चेहऱ्यावरून समजे की मशीन दुरुस्तीला न्यायला हवे, आणि दुरुस्ती करणाऱ्याला अंकांवरून समजे की कुठे हात घालायचा. एकाच पडद्यावर दोन वाचकांची सोय झाली होती. २००२च्या मॅक ओएस एक्स १०.२ मध्ये हसरा चेहरा जाऊन त्या जागी करड्या रंगाचे सफरचंद आले. पडदा आणखी स्वच्छ दिसू लागला, पण ‘चाचण्या पास’ हा निरोप त्या सफरचंदात कुणाला वाचता येणार?

याच मॅकच्या इतिहासातला दुसरा दाखला मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १९९१च्या सिस्टिम ७ च्या काळात मूळ सिस्टिमला एक्स्टेन्शन नावाचे छोटे प्रोग्राम जोडले जात. सुरू होताना प्रत्येक एक्स्टेन्शनचे चित्र पडद्याच्या तळाशी डावीकडून उजवीकडे रांगेत उमटत जाई. वाचायला एक शब्द नाही. बघणाऱ्याला ती नुसती चित्रांची गंमतशीर मिरवणूक. पण दोन एक्स्टेन्शनांचे आपसात जमले नाही आणि मशीन मध्येच अडकले, की रांगेतले शेवटचे चित्र पाहायचे; भांडणाचा माग तिथून काढायचा. शिफ्ट दाबून सुरू केले की सगळी एक्स्टेन्शने बाजूला ठेवून मशीन उठत असे, मग संशयित काढून टाकायचा. साधेपणा आणि उपयोग एकमेकांच्या विरोधात असतात, एक वाढला की दुसरा घटतो, असे मानणाऱ्यांना ही रांग खोटे पाडते. तिथे सजावट हीच नोंदवही होती.

आता याच्या उलट टोकाला जाऊ. १९९५ साली विंडोज ९५ निळ्या आकाशातले ढग घेऊन आली. ढगांखाली एक रंगीत पट्टी सतत सरकत राही. ती केवळ चित्रातले रंग गोल फिरवून सरकवलेली होती. काम किती झाले याच्याशी तिचा काही संबंध नव्हता. २००१च्या विंडोज एक्सपीत तीन निळे ठोकळे एका नळीतून डावीकडून उजवीकडे जात आणि पुन्हा डावीकडून उगवत. तिसऱ्या फेरीला विंडोज उठेल की तेराव्या, ते ठोकळे सांगू शकत नसत. ‘मी जिवंत आहे’ एवढाच त्यांचा निरोप. तरीही ढगांच्या बाबतीत एक गोष्ट प्रामाणिक होती. एस्केप दाबले की ढग दूर होत आणि मागचा डॉसचा मजकूर दिसे. झाकले होते, पण कुलूप लावले नव्हते.

हलणाऱ्या पट्टीचा प्रामाणिकपणा हा या विषयातला नाजूक भाग आहे. ब्रॅड मायर्स यांनी १९८५ साली एका शोधनिबंधात दाखवून दिले, की काम किती टक्के झाले हे सांगणारी पट्टी लोकांना आवडते, हवीशी वाटते. पुढे २००७ साली ख्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: पट्टी शेवटाकडे वेग घेत गेली तर तेवढाच वेळ लोकांना कमी वाटतो. म्हणजे पट्टीला खरे बोलायला लावता येते तसे गोड बोलायलाही शिकवता येते. २००५च्या मॅक ओएस एक्स टायगरमध्ये याचा नमुना दिसतो. लॉगिनपूर्वी दिसणारी तिथली पट्टी मागच्या वेळी किती सेकंद लागले त्याची नोंद पाहून तितक्या अंदाजाने सरकत असे. किती सेवा प्रत्यक्षात सुरू झाल्या याची तिला खबरही नसे. रोजच्या दिवशी हा अंदाज बरोबर येतो, म्हणून कुणाची तक्रार नसते. पण रोजच्या दिवशी पट्टीची गरज तरी कुणाला असते? ज्या दिवशी डिस्क कुरकुरते आणि आतले काम मध्येच थांबते, त्याच दिवशी ही पट्टी पुढे सरकत राहते आणि चुकीचा दिलासा देते. असल्या पट्टीपेक्षा गोल फिरणारे ठिपके बरे. त्यांना ठाऊक नसते आणि ठाऊक असल्याचा आवही ते आणत नाहीत.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. सामान्य माणसाला हा मजकूर कळत नाही. भराभर वर जाणाऱ्या ओळी पाहून तो घाबरतो, कधी घाबरून मधेच बटणही बंद करतो. मग दाखवायचे कशाला? घाबरण्याचा भाग मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच सुरळीत दिवशी पडदा गप्प असावा असे मी म्हणतो. पण ‘कळत नाही’ यावरून ‘उपयोग नाही’ असे ठरत नाही. संगणक अडला की माणूस कुणाला तरी फोन लावतो: भाच्याला, ऑफिसातल्या तंत्रज्ञाला, बाजारातल्या हार्डवेअरवाल्याला. पलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘पडद्यावर काय दिसतंय?’ उत्तर ‘नुसतं काहीतरी फिरतंय’ असे असेल तर पलीकडच्या तज्ज्ञाचे ज्ञान वाया जाते आणि गोष्ट ‘विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल’ इथे येऊन थांबते. त्यात कुणाचे हिशोब जातात, कुणाचे फोटो. वाचणाऱ्याला अर्थ कळला नाही तरी अक्षरे वाचून दाखवता येतात, फोटो काढून पाठवता येतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीतले सगळे रोग्याला कुठे कळते? ती औषधवाल्यासाठी असते.

लिनक्सच्या जगाने या प्रश्नावर सगळ्यात जास्त विचार केला, कारण तिथे वाद उघड्यावर होतात. तिथली जुनी रीत म्हणजे कर्नलच्या ओळींचा धबधबा. २००८ साली फेडोरा या लिनक्स वितरणाच्या दहाव्या आवृत्तीत प्लिमथ हा प्रोग्राम आला आणि धबधब्यावर देखणा पडदा पडला. एस्केप दाबले की मागचा तपशील पुढे. मला याहूनही मोलाची वाटते ती सिस्टिमडी या सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेतली एक सोय. कर्नलला ‘क्वाएट’ म्हणजे गप्प राहा असे सांगितलेले असेल तर सिस्टिमडीही गप्प राहते. मात्र एखादी सेवा फसली किंवा बराच उशीर होऊ लागला की ती आपणहून बोलू लागते. मजकूर दाखवणाऱ्या पडद्यावर मग एक ओळ येते: अमुक डिस्कसाठी काम चालू आहे, ३२ सेकंद झाले, मर्यादा दीड मिनिटाची. शेजारी लाल चांदण्या इकडून तिकडे हलत असतात. या एका ओळीत काय काय आहे पाहा. कोण अडले आहे, किती वेळ अडले आहे, आणि किती वेळाने यंत्रणा त्याचा नाद सोडून पुढे जाईल. चांदण्या फक्त जीव असल्याची खूण देतात, खबर देण्याचे काम शब्द आणि आकडे करतात. एक्सपीच्या ठोकळ्यांशी ताडून पाहिले की निव्वळ हालचाल आणि माहिती यांतला फरक कळतो.

फेडोरानेच २०१८ साली आणखी एक पाऊल टाकले. कुठली सिस्टिम सुरू करायची हे विचारणारा बूटलोडरचा मेनू, संगणकावर एकच सिस्टिम असेल तर, दिसेनासा केला. पण मागच्या खेपेला मशीन नीट उठले नसेल तर तोच मेनू पुन्हा हजर. ‘नीट उठले’ याची व्याख्याही विचार करून केलेली आहे: वापरणारा लॉगिन करून दोन मिनिटे आत टिकला पाहिजे. म्हणजे लॉगिन दिसले आणि लगेच काळोख झाला, तर ते यश धरत नाहीत. २०१९च्या फेडोरा ३० मध्ये निर्मात्याच्या लोगोपासून लॉगिनपर्यंत पडदा एकदाही लुकलुकू नये अशी व्यवस्था झाली. ॲपललाही हेवा वाटावा इतका साधा पडदा, आणि त्याच्या मागे मागच्या वेळचा बिघाड लक्षात ठेवणारी नोंद. यात किती दाखवायचे याचा वाद उरतच नाही, कारण पडदा परिस्थिती पाहून बोलतो.

विंडोजलाही हाच धडा वेगळ्या वाटेने गिरवावा लागला. विंडोज ८ इतकी झटपट सुरू होऊ लागली, की एफ८ दाबून सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्या ड्रायव्हरांनिशी चालणाऱ्या अवस्थेत, शिरायला मिळणारा अवधी २०० मिलिसेकंदांच्याही खाली गेला. तेवढ्यात माणसाचे बोट हलत नाही. वेगाच्या नादात मदतीचे दारच बंद झाले होते. २०१२ साली मायक्रोसॉफ्टने त्यावर उपाय जाहीर केला: दुरुस्तीचे सगळे पर्याय एका मेनूत आणायचे, मशीन चालू असेल तर शिफ्ट धरून रिस्टार्ट करताच तो मेनू उघडायचा, आणि सुरू होण्याचे प्रयत्न फसत गेले तर तो आपोआप समोर आणायचा. म्हणजे वेग वाढला की साधेपणा आणि उपयोग दोन्ही आपोआप साधतात, वेगळ्या डिझाइनची गरज नाही, हा समजही टिकत नाही. सुरू होणे जितके झटपट, तितकी अडचणीची वाट अधिक काळजीने आखावी लागते.

या सगळ्याची मोठी परीक्षा १९ जुलै २०२४ रोजी झाली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभर पोचली. १० वाजून ५७ मिनिटांनी कंपनीने ती मागे घेतली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली होती, आणि त्यांतली असंख्य यंत्रे सुरू होताना निळ्या पडद्यावर आपटत, पुन्हा सुरू होत, पुन्हा आपटत राहिली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. त्या निळ्या पडद्यावर मोठा उदास चेहरा होता, संगणकात काहीतरी बिघडले आहे असे सांगणारे वाक्य होते, आणि तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ: काय फसले, सीएसएजंट.सिस. जगभरच्या तंत्रज्ञांना त्या सकाळी चेहऱ्याचा उपयोग झाला नाही. कामाला आली ती ही ओळ. निरनिराळ्या देशांतल्या हजारो पडद्यांवर क्राउडस्ट्राइकच्या ड्रायव्हरचे हे एकच नाव दिसत होते, त्यामुळे दोष विंडोजचा की यंत्राचा की आणखी कुणाचा, हे ठरवायला वेळ लागला नाही. फाइल मागे घेतल्याने अडकलेली यंत्रे मात्र सुटली नाहीत. एकेका यंत्रापुढे बसून सेफ मोडमध्ये जायचे, ती सदोष फाइल पुसायची, आणि डिस्कला विंडोजच्या बिटलॉकर या सोयीचे कुलूप असेल तर आधी ४८ अंकी किल्ली टाइप करायची, असा उद्योग अनेक दिवस चालला. २०२५ साली मायक्रोसॉफ्टने हा पडदा नव्याने आखला. तो काळा झाला, मजकूर कमी झाला, उदास चेहरा गेला. पण त्रुटीचा संकेत आणि दोषी ड्रायव्हरचे नाव ठेवले. साधेपणा आणताना काय गाळायचे आणि काय राखायचे याची निवड यावेळी बरोबर झाली.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. बूट होताना आतला तपशील दाखवला तर तो वाईट हेतूच्या माणसालाही दिसेल, म्हणून पडदा मुका बरा. बँकेच्या एटीएमसारख्या चारचौघांतल्या यंत्राबाबत हे म्हणणे मी मान्य करतो. तिथे लोकांना मोघम संदेश आणि तंत्रज्ञाला कुलपाआड तपशील, ही विभागणी योग्य. पण मुका पडदा आपोआप सुरक्षित होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये बायनार्ली या संस्थेने ‘लोगोफेल’ नावाने जाहीर केलेल्या त्रुटी पाहा. फर्मवेअर सुरुवातीला निर्मात्याचा लोगो दाखवते. ते चित्र उघडणाऱ्या कोडमध्येच खोट होती, आणि खास तयार केलेले चित्र ठेवून ऑपरेटिंग सिस्टिम उठायच्या आधीच घुसखोरी करता येत होती. निव्वळ शोभेसाठी ठेवलेल्या चित्रानेच दार उघडे टाकले. उलट अँड्रॉइड फोनचा बूटलोडर कुणी खुला केला असेल, तर सुरू होताना फोन तसा इशारा देतो. वापरलेला फोन विकत घेणाऱ्यासाठी ती मोलाची सूचना आहे, आणि ती देण्याची जागा तीच. कारण पुढे जी सिस्टिम उठणार तिच्यावरच तर संशय आहे.

तिसरा आक्षेप असा, की आता यंत्रे क्वचितच बंद होतात, झोपतात आणि जागी होतात. मग एवढा खल कशासाठी? यावर माझे उत्तर असे, की रोज होणारे बूट कमी झाले, त्यामुळे उरलेल्यांत अडचणीच्या बूटांचे प्रमाण वाढले. अपडेटनंतर, वीज गेल्यावर, डिस्क भरल्यावर, दुरुस्तीनंतर, अशाच वेळी हा पडदा आता दिसतो. आगीचा बंब कमी वेळा लागतो म्हणून तो कुणी भंगारात काढत नाही.

आपल्या दृष्टीने आणखी एक प्रश्न उरतो, भाषेचा. जुन्या पीसीच्या अक्षरपडद्याला एका वेळी २५६ किंवा फार तर ५१२ आकृत्या ठाऊक असत, आणि प्रत्येक अक्षराला सारखी चौकट. मराठीतली ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर टाइप होऊन व्यंजनाआधी दिसते, जोडाक्षरे आकार बदलतात. त्या चौकटीत ही लिपी मावत नव्हती. म्हणून आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले जिस्ट तंत्रज्ञान वेगळे कार्ड बसवून देवनागरी पडद्यावर आणत असे. लिनक्सचा अक्षरपडदा आजही ५१२ आकृत्यांपुढे जात नाही. प्लिमथसारखे चित्रमय पडदे मात्र देवनागरी नीट रचू शकतात. म्हणजे मराठी वाचकासाठी चित्रमय पडदा ही निव्वळ सजावट ठरत नाही; त्याच्या भाषेत बोलण्याची ती एकमेव वाट आहे. ‘संगणक बंद करू नका, डिस्क तपासली जात आहे’ हे वाक्य मराठीत आले तर मधेच बटण दाबणारा हात थांबेल. त्याच वेळी त्रुटीचा संकेत आणि फाइलचे नाव आहे तसेच राहू द्यावे, कारण ते फोनवर वाचून दाखवायचे आहे आणि जगभर तसेच ओळखले जाते.

तेव्हा बूट स्क्रीन चांगली की वाईट हे तिची छायाचित्रे मांडून ठरवता येणार नाही. सुरळीत दिवशी सगळ्याच चांगल्या दिसतात. शाळा, ग्रामपंचायती, रुग्णालये शेकड्यांनी संगणक घेतात, तेव्हा किमतीच्या आणि वेगाच्या रकान्यांशेजारी एक चाचणी जोडावी. विकणाऱ्यासमोर नमुन्याच्या यंत्रातली एक डिस्क काढून ठेवावी, एक ड्रायव्हर मुद्दाम बिघडवावा, आणि बटण दाबावे. मग संगणकाशी रोजचा संबंध नसलेल्या कर्मचाऱ्याला पडद्यावर काय दिसते ते दुसऱ्या खोलीतल्या तंत्रज्ञाला फोनवर सांगायला लावावे. तंत्रज्ञाला तेवढ्यावरून दोष ओळखता आला, आणि दोष नसताना त्याच कर्मचाऱ्याला पडद्याकडे बघावेही लागले नाही, तर ती बूट स्क्रीन पास. ही चाचणी अर्ध्या तासाची आहे, तिला पैसे लागत नाहीत, आणि निविदेच्या अटींत ती आजही घालता येते.